आत्याची मूठ

आत्याच्या गिरणीत 'बिचारी' हा शब्द काढायची चोरी होती. 'पोरकी'सुद्धा. माझ्याकडे बघून कुणी चुकचुकलं आणि तोंडातून यातला एखादा शब्द सांडला, की आत्या त्या बाईचा डबा पायाने ढकलत रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायची. घरी पाहुणे येऊन बसलेत, चूल पेटलीय, लेकरू रडतंय, असलं काही तिच्यापुढे चालायचं नाही. पाटलांच्या सूनबाईंचा डबा एकदा एकाच दिवशी दोनदा मागे गेला. पहिल्यांदा मला 'बिचारी' म्हटल्याबद्दल, आणि दुसऱ्यांदा, "बिचारीला बिचारी म्हटलं तर काय बिघडलं?" असं विचारल्याबद्दल. त्या दिवशी पाटलांच्या वाड्यावर भाकरीऐवजी भात झाला असं गावात दोन दिवस चवीने बोललं जात होतं.

ती माझी काय, कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. सगळं गाव आत्या म्हणायचं म्हणून आत्या. आमचं गाव मिरजगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि गावाच्या तोंडाशीच तिची पत्र्याची गिरणी. डिझेलच्या इंजनावर चालणारी. धुराड्याच्या तोंडाला डबा लावलेला असायचा, त्यातून निघणारी 'पुक् पुक्' थेट मळ्यांपर्यंत ऐकू जायची. ती सुरू झाली की बाया दळणाचे डबे डोक्यावर घेऊन घराबाहेर पडायच्या.

ती गिरणी तिला कुणी प्रेमाने दिलेली नव्हती. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. दिरांनी वाटणी केली तेव्हा जमीन आपसात घेतली आणि हिच्या पदरात बंद पडलेलं इंजन टाकलं. बाईमाणूस इंजनाचं काय करणार, चार दिवसांत माहेरची वाट धरील, असा त्यांचा अंदाज. आत्याने मिरजगावहून मिस्त्री आणला. तो इंजन उघडून बसला तेव्हा ही त्याच्या शेजारी उकिडवी बसून राहिली, आणि तो गेल्यावर नऊवारीचा काचा मारून हँडल फिरवायला लागली. म्हणे पहिल्या झटक्याला हँडलने उलटा तडाखा दिला आणि मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने फिरवलं. पुढे ते दीरच तिच्याकडे दळण आणायचे आणि गुपचूप रांगेत उभे राहायचे.

दिसायची ती पिठासारखी. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हातावरची लव पांढरी. संध्याकाळी तोंड धुतलं की दहा वर्षांनी लहान व्हायची. एकदा शेजारच्या लग्नाला ती स्वच्छ होऊन गेली, तर नवरीच्या आईने तिला वरपक्षाकडची समजून पाट दिला आणि आग्रह करकरून वाढलं. आत्याने पोटभर जेवून घेतलं आणि उठताना म्हणाली, "उद्या गहू आन दळायला, ओळख पटंल."

आणि आवाज! गिरणीच्या आवाजावर आवाज काढायची सवय, त्यामुळे ती देवळातही ओरडायची, मयताच्या घरीही ओरडायची. कुणी म्हणालं, आत्या, जरा हळू, तर म्हणायची, "गिरन हळू बोलत न्हाई, मी कशापायी बोलू?"

मी सातवीत असताना वडील विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले. त्याच उन्हाळ्यात आई तापाने गेली. मी चुलत्याकडे राहायला आले. चुलत्याला आम्ही नाना म्हणायचो. नाना वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यावरून तो दुष्ट वाटेल. कोरडवाहू तुकडा, घरात चार लेकरं आणि त्यात पाचवी मी. सातवीचा निकाल लागला तसा तो म्हणाला, "झालं आता शिक्शान. उद्यापास्नं चुलतीसंगं खुरपायला जात जा." गावात शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल मिरजगावला.

मी दळण घेऊन गिरणीत गेले आणि डबा ठेवून कोपऱ्यात रडत बसले. आत्याने बघितलं. जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. तिला ते जमायचंच नाही.

"कोन मेलं?" तिने ओरडून विचारलं.

"कोनी न्हाई. शाळा सुटली."

"सुटली का सोडवली?"

मी सांगितलं. संध्याकाळी इंजन बंद करून ती तशीच, पांढरीफटक, नानाच्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरगी शाळेत गेली तर तुजं काय जातंय?"

"आत्या, बसून खानारं तोंड मला परवडत न्हाई," नाना खाली बघत म्हणाला. "तिच्या वाटचं पीठ कुठनं आनू?"

"पिठाचाच सवाल हाय न्हवं? मग पीठ माझ्याकडं लागलं."

दुसऱ्या दिवशी गिरणीत एक रिकामा तेलाचा डबा आला. दळण झालं की आत्या प्रत्येकीच्या डब्यातून एक मूठ पीठ उचलायची आणि त्या डब्यात टाकायची. विचारायची नाही. गिरणीवाले पीठ चोरतात हा आरोप आपल्याकडे जुनाच आहे, आत्याने तो राजरोस खरा केला. तिचा पंजाही काही साधा नव्हता. बाया कुरकुरायच्या, "आत्या, मूठ म्हनावं का पायली?" पण दिलं सगळ्यांनी. ज्यांच्या घरी चिमूटभर दळण असायचं त्यांच्या डब्यात आत्या नुसती बोटं टेकवायची आणि ती बोटं आमच्या डब्यावर झटकायची. एकही डबा तिने वगळला नाही. वगळला असता तर त्या बाईचा अपमान झाला असता, असं तिचं म्हणणं.

आठवड्याला तो डबा मी घरी न्यायची. त्यात बाजरी, ज्वारी, गहू, कधी हरभऱ्याची डाळ, सगळं एकत्र. त्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटायच्या. पण चुलतीची अडचण वेगळीच होती. आमच्या गावात बौद्धवाड्यातल्या बायाही त्याच गिरणीत दळायच्या, आणि त्यांचीही मूठ त्याच डब्यात पडायची. चुलतीने माझ्याकरवी निरोप धाडला की आपल्यातलं पीठ वेगळ्या डब्यात ठेवावं.

आत्या स्वतःच डबा घेऊन आली. चुलतीपुढे तो ठेवला, वर सूप ठेवलं.

"घे. निवड."

"काय निवडू?"

"कोनाचं कुठलं ते बाजूला काढ. मी बसती हितं. सापडलं की सांग."

चुलती त्या पिठाकडे बघत राहिली आणि आत्या तिच्याकडे. मग आत्या सूप उचलून निघून गेली. चुलतीने तोंडाने काही कबूल केलं नाही, पण ते पीठ आपल्या चुलीवरही येऊ दिलं नाही. मी अंगणात तीन दगड मांडले आणि माझी भाकरी मी वेगळी भाजायला लागले. त्याचं मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, भूक लागली की वाईट वाटणं बाजूला राहायचं.

अभ्यासाची जागाही आत्यानेच ठरवली. घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारायचं. म्हणून मिरजगावहून चालत आले की मी थेट गिरणीत. पोत्यावर बसायचं आणि वाचायचं, तेही मोठ्याने. आत्याला ऐकू गेलं पाहिजे ही अट. गिरणी घरघरतेय, पट्टा फटफटतोय, आणि मी घसा ताणून भूगोल वाचतेय, असा तो थाट. "आँ? काय म्हनली?" असं आत्या मधूनच ओरडायची, की वाक्य पुन्हा म्हणायचं. तिला ऐकू आलेलं असायचं. तिला ऐकू येतं की नाही हा प्रश्नच नव्हता, मला पाठ होतंय की नाही हा होता.

रांगेत बसलेल्या बायांना त्यामुळे फुकटात विद्या मिळायला लागली. पृथ्वी गोल फिरते यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. फ्रेंच राज्यक्रांतीत राणीचं पुढे काय झालं हे कळायच्या आत एकीचा नंबर आला, तर तिने मागचीला आपल्या आधी नंबर दिला आणि गोष्ट संपेपर्यंत थांबली. बौद्धवाड्यातल्या पारूबाईंचा थोरला नगरच्या कॉलेजात शिकत होता. त्याची जुनी पुस्तकं पारूबाई दळणाच्या डब्यावर ठेवून आणायच्या आणि मला द्यायच्या. पुस्तकांना पीठ लागायचं, पानं उघडताना ते मांडीवर पडायचं.

कौतुक मात्र आत्याच्या कोशात नव्हतं. नववीत मी वर्गात पहिली आले. धावत येऊन सांगितलं. तिने विचारलं, "बाकीची पोरं आजारी हुती का?"

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. मी अकरावीला, मॅट्रिकच्या वर्षात. त्या वर्षी शेतात काही उगवलंच नाही. रेशनची लाल मिलो, अमेरिकेहून आलेली जाडी ज्वारी, दळायला यायला लागली. गाव सगळं पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायचं. डब्यातली मूठ लहान होत गेली. आत्याची बोटं आता नुसतीच टेकायची. तरी तिने डबा हलवला नाही.

परीक्षा तोंडावर आली असताना एक दिवस नाना गिरणीत आला. मी पोत्यावर वाचत होते. तो माझ्याकडे न बघता आत्याला म्हणाला, "उद्यापास्नं हिला कामावर नेतोय. मुकादमाला सांगितलंय."

"परीक्षा हाय तिची."

"बैल दावनीला न्हाईत माझ्या, आत्या. धाकटं पोरगं आजारी हाय. एका जनीची मजुरी वाढली तर चार घास वाढत्यात. पुस्तक का शिजवून घालू पोरांना?" त्याचा आवाज चिरकला. मला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचाच राग आला.

आत्या वळली. इंजनाजवळ गेली आणि तिने ते बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. भर दुपारी गिरणी बंद पडलेली गावाने कधी पाहिली नव्हती. रांगेतल्या बाया उभ्या राहिल्या.

"उचला डबे," आत्या म्हणाली. आणि त्या शांततेतही तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "ही पोर परीक्षेला बसायची आसंल तर गिरन चालंल. न्हाईतर माझ्या वाटनीला आलं तवा इंजन बंदच हुतं. परत तसंच ऱ्हाईल."

गावात हाहाकार झाला म्हटलं तरी चालेल. घरोघरी जाती होती, पण वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेली. छिन्नीने टाकी कुणी लावून घेतली नव्हती, दगड गुळगुळीत झालेले. त्यात मिलो टणक. दिवसभर माती उपसून आलेल्या बाया जात्यावर बसायच्या आणि निघायच्या नुसत्या कण्या. बायांनी आत्याला शिव्या घातल्या. अगदी तोंडावर. "आमच्या पोटावर पाय का देती? भांडान तुजं नानाचं हाय!"

"न्हाई," आत्या म्हणाली. "मूठ तुमची हाय. चार वर्सं घातलेली. तुमचंच पीठ मातीत चाललंय, मला काय त्याचं?"

मला ते सोसवेना. मी आत्याकडे गेले. "आत्या, गिरन चालू कर. मी जाते कामावर. माझ्यापायी गाव उपाशी नको."

"तुला कोन इचारलं?" तिने डोळे वटारले. "ह्यो माजा आन् गावाचा मामला हाय. तुजं काम वाचायचं. वाच."

"इथं?"

"मग काय चावडीवर?"

बंद गिरणीत, तिच्या समोर, मी वाचायला लागले. माझाच आवाज मला ओरडल्यासारखा वाटत होता. ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या हातांना काम नव्हतं आणि ते तिला कुठे ठेवावेत कळत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती म्हातारी वाटली, आणि हे सगळं वाया गेलं तर तिचं काय होईल याची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाया नानाच्या दारात आल्या. डबे घेऊनच आल्या आणि अंगणात डब्यांवर बसल्या. पुढे पारूबाई होत्या.

"नाना, तुमची अडचन खोटी न्हाई," त्या म्हणाल्या. "पन माझं पोरगं नगरला शिकतंय ते कसं, मला ठावं हाय. एका पोरीच्या परीक्षेनं आख्खं गाव आडत आसंल तर गावानं मातीच खावी. ऐका. तुमच्या घरची बाई ज्या टोळीत माती टाकती ती टोळी लई मंद हाय. मजुरी मापावर मिळती. आमची टोळी दीडपट माप काढती. तुमच्या बाईला आमच्या टोळीत घेतो. पोरीची भर त्यातनं निघंल."

पारूबाईंच्या टोळीत सगळ्या बौद्धवाड्यातल्या बाया होत्या. दिवसभर एका खड्ड्यात उभं राहायचं, एकीच्या हातची पाटी दुसरीने घ्यायची, दुपारी एका सावलीत भाकरी सोडायची. नाना चुलतीकडे बघत होता. मी चुलतीकडे बघत होते. माझी शाळा त्या बाईच्या एका शब्दावर आली होती, आणि माझ्याशी ती कधी फारसा शब्दही बोलली नव्हती.

चुलतीने आधी घराच्या दाराकडे पाहिलं. आत धाकटा कण्हत होता. मग पदर खोचत तिने पारूबाईंना विचारलं, "सकाळी कवा निघता तुमी?"

पुक् पुक् त्याच संध्याकाळी सुरू झाली. मिलोची भाकरी कधी कुणाला गोड लागत नाही, पण त्या दिवशी लागली असावी.

तलावावर त्या बायांचं आणि चुलतीचं काय बोलणं व्हायचं ते मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हते, पोत्यावर होते. एवढं मात्र झालं, की पुढच्या आठवड्यात मी डबा घेऊन घरी गेले तर अंगणातले तीन दगड जागेवर नव्हते. चुलतीने डबा माझ्या हातातून घेतला आणि आत नेला. "पानी जास्त लागतंय ह्या पिठाला," एवढंच म्हणाली.

परीक्षेचं केंद्र कर्जतला होतं. पहिला पेपर हातात आला आणि मी वाचायला लागले, तर डोक्यात काहीच नाही. सगळं कोरं. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि तीच माझी पंचाईत झाली. चार वर्षं मी गिरणीच्या घरघरीत वाचलेलं. शांततेत त्यातलं काही बाहेरच येईना. आजूबाजूची पोरं भराभर लिहितायत. बायांनी उपसलेली माती डोळ्यांपुढे यायला लागली. शेवटी मी डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात पुक् पुक् करायला लागले. पुक् पुक् पुक् पुक्. आणि काय सांगू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्याने 'आँ?' केल्यासारखं आठवायला लागलं.

पर्यवेक्षक येऊन उभे राहिले. "काय पुटपुटतेस गं?"

"गिरणी, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, बाकाखाली वाकून बघितलं, आणि ते पुढे गेले. पुढच्या सगळ्या पेपरांना मी गिरणी चालवूनच लिहिलं.

निकाल पेपरात यायचा. पेपर आणायला नाना स्वतः मिरजगावला गेला. त्याला वाचता येत नव्हतं. पेपर काखेत धरून तो घरी न जाता सरळ गिरणीत आला आणि मला म्हणाला, "बघ." मी नंबर शोधला. होता. पुन्हा बघितला. होता.

"मोठ्यानं वाच," आत्या ओरडली.

मी ओरडून वाचला. रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, पिठाचे हात असल्यामुळे धुरळा उडाला. नाना डोळ्यांना धोतराचा सोगा लावून बाहेर गेला. आत्याने मान हलवली आणि विचारलं, "पुढचा डबा कोनाचा हाय?"

नगरच्या अध्यापिका विद्यालयात माझा नंबर लागला. तिथेच राहायची सोय होती. निघायच्या सकाळी मी पत्र्याची पेटी घेऊन गिरणीत गेले. मनातून वाटत होतं, आज तरी इंजन बंद करील, दोन शब्द बोलेल. गिरणी जोरात चालू होती. रांग होती. आणि रोजच्या डब्यात आत्या मूठ टाकत होती.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

तिने हनुवटीने दाखवलं. माझ्या पोत्यावर वरच्या आळीतली एक मुलगी पाटी घेऊन बसली होती. आई नाही, बाप सोडून गेलेला, आजीजवळ राहायची. ती मोठ्याने पाढे म्हणत होती आणि सात नव्वे चुकत होती. मला एकदम भरून आलं, आणि त्यात थोडा मत्सरही होता. ते पोतं माझं होतं.

आत्याने माझं तोंड वाचलं असावं. "तुजं दळान झालं," ती ओरडली. "डबा उचल. मागं मान्सं खोळंबल्यात."

मी वाकून पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला. नुसता टेकवला नाही, चांगला दाबून धरला, गिरणी रिकामी घरघरायला लागेपर्यंत. मग "जा, यष्टी चुकंल," म्हणून मला ढकललं आणि दळण ओतायच्या हॉपरकडे वळली.

एस.टी.त मी नगरपर्यंत रडत गेले. वसतिगृहात पोचले तेव्हा रेक्टरबाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग माझ्या डोक्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. केसांवर पांढरा पंजा तसाच उमटलेला होता.

"हे काय लागलंय केसांना?"

"पीठ आहे, बाई."

"मागे नळ आहे. आधी डोकं धुऊन ये."

आजवर मी कुठल्याच शिक्षकाचा शब्द मोडला नव्हता.

"उद्या धुते, बाई," मी म्हणाले.